अडलेला हप्ता

घर बांधणाऱ्याचं आणि ठेकेदाराचं वाजतं ते शेवटच्या हप्त्यावर, पण त्याची तयारी पहिल्या तीन हप्त्यांतच झालेली असते. कराडजवळच्या एका घराचे कागद सध्या मध्यस्थ म्हणून माझ्याकडे आहेत. अकराशे चौरस फूट, मटेरियलसह काम, १,८५० रुपये फूट, म्हणजे २० लाख ३५ हजार. करार करताना २० टक्के, जोत्याला २५, स्लॅबला २५. स्लॅब टाकला त्या दिवशी ठेकेदाराच्या हातात सत्तर टक्के रक्कम होती आणि जागेवर उभं होतं ते जेमतेम निम्म्या किमतीचं काम. उरलेल्या तीस टक्क्यांत वीटकाम, गिलावा, फरशी, नळ, वायरिंग, दारं-खिडक्या, वॉटरप्रूफिंग, रंग. एवढं सगळं त्या पैशात होत नाही. मग चांगली माणसं दुसऱ्या साइटवर जातात, राहिलेल्या कामावर कच्चा मिस्त्री येतो, मालात सिमेंट कमी पडायला लागतं. मालकाला वाटतं, हा फसवतोय. ठेकेदाराला वाटतं, या घरात आपण खड्ड्यात गेलो. हप्ते कामाच्या किमतीप्रमाणे पाडले असते तर दोघांवर ही वेळ आली नसती.

*

हप्ता झालेल्या कामाच्या मागे राहिला पाहिजे, पुढे नाही. सुरुवातीची उचल दहा टक्क्यांपर्यंत ठीक. ठेकेदाराला सळई-सिमेंट भरायला पैसे लागतात हे खरं. पण मग सळईचे पैसे मालकानं थेट दुकानदाराला द्यावेत आणि हप्त्यातून वळते करावेत. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावेत, आणि हे करारातच लिहावं. मागाहून ‘मी ठेवून घेतलेत’ म्हटलं की ते अडवणं होतं. आधी ठरलेलं असलं की तो हिशेब होतो.

सरकारी बांधकामात ही रीत जुनीच आहे. अनामत कापली जाते, दोषदायित्व कालावधी संपल्यावर परत मिळते, आणि बिल निघतं ते मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्यावर. घरगुती कामाला शंभर पानी वही पुरते. तारीख, कुठलं काम, लांबी-रुंदी-उंची, दोघांच्या सह्या.

*

“सर, तुमचं काम म्हणजे घरचंच काम. त्यात लिहायचं काय?”

“अहो, घरचं आहे म्हणूनच लिहून ठेवू या की. उद्या तुम्हाला तोंड चुकवायला नको, मला नको.”

दुसऱ्या एका घराचे मालक, निवृत्त शिक्षक होते ते. त्यांनी एवढं शांतपणे म्हटलं आणि ठेकेदारानंही खिशातून पेन काढलं. त्या घराचा शेवटचा हप्ता वेळेवर गेला. लिहून मागण्यात अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं म्हणून माणसं गप्प बसतात. हा संकोच फार महागात पडतो.

*

‘सर्व कामे चांगल्या प्रतीची करून देऊ.’ लेटरहेडवरच्या एक पानी कोटेशनमध्ये हे वाक्य हटकून असतं. मालक त्यावर निर्धास्त होतो आणि वाद उभा राहिला की या वाक्याचा काडीचा उपयोग होत नाही, कारण ते मोजता येत नाही. मोजता येईल असं लिहावं: काँक्रीट एम-२०. आतला गिलावा १२ मिलिमीटर, बाहेरचा २० मिलिमीटर दोन थरांत. फरशी अमुक रुपये फुटाची. वायर, नळ, कमोड अमुक कंपनीचं. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी साठवून दाखवायचं, मगच फरशी बसवायची.

आणि एक ओळ जरूर घालावी: ‘आरसीसी काम भारतीय मानक ४५६ : २००० प्रमाणे.’ या एका ओळीबरोबर पुष्कळ गोष्टी करारात येतात. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी, मिश्र सिमेंटला दहा. बाजारात घरबांधणीला मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे मिश्र. तेव्हा दहा दिवस धरायचे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा. सळईखाली ठरलेलं कव्हर. हे पाळलं नाही तर तो करारभंग होतो. मग ‘आमच्याकडे असंच करतात’ हे उत्तर चालत नाही.

*

पाणी कोण मारणार? साधा प्रश्न, पण यावरून झालेले तंटे मी पाहिले आहेत. ठेकेदार म्हणतो, मालकानं पाणी दिलं नाही. मालक म्हणतो, बोअरला पाणी होतं, तुमचा माणूसच आला नाही. एप्रिल-मेमध्ये माण-खटावकडे काम असलं तर टँकरचे पैसे कोणी द्यायचे इथपासून सुरुवात. गिलाव्याला जाळं पडल्यासारख्या बारीक भेगा गेल्या की दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात. पाणी आणि वीज मालकाची, मारायचा माणूस ठेकेदाराचा, अशी सर्वसाधारण रीत आहे. ती लिहावी.

*

क्षेत्रफळ. दर फुटावर ठरतो आणि फूट कसा मोजायचा हे ठरतच नाही. पोर्च धरायचा का? बाल्कनी पूर्ण की अर्धी? जिन्यावरची खोली? छज्जे? पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब? अकराशेचं घर बिलात पावणेतेराशेचं होऊन येतं ते इथून. नकाशाची एक प्रत घेऊन जे क्षेत्र दरात धरायचं त्याच्याभोवती लाल पेन्सिलीनं रेघ मारावी, त्यावर दोघांनी सही करावी. यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

*

काळी माती. पाया पाच फूट धरलेला असतो आणि मुरूम लागतो आठ-नऊ फुटांवर. काळ्या मातीवर जोतं बसवलं तर ती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात. खोल जावंच लागतं. पण जादा खुदाई, जादा भराव आणि जादा काँक्रीटचा दर आधी ठरलेला नसतो. चांगला ठेकेदार खोल जातो आणि पुढे पैशासाठी भांडतो; वाईट ठेकेदार पाच फुटांवरच थांबतो आणि काही बोलत नाही. दुसऱ्याचं घर चार वर्षांनी बोलायला लागतं.

*

जादा कामं. “काका, तो ओटा जरा वाढवून द्या की.” “हो, देतो ना.” पुढे त्या ओट्याचे अठरा हजार लागतात. मालक म्हणतो, दर बोललाच नव्हतात. पण सांगून करून घेतलं आणि वापरलं, तर ते फुकट होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० चा आशयच असा आहे की, जे काम फुकट करण्याचा इरादा नव्हता आणि ज्याचा फायदा समोरच्यानं घेतला, त्याची भरपाई त्यानं द्यायची. हे मी मालकांना मुद्दाम सांगतो, कारण जादा कामाचे पैसे नाकारून निकृष्ट कामाचा राग काढायची फार सवय असते. जे झालं आहे ते मान्य करावं. मग जे नीट झालेलं नाही त्याबद्दल बोलण्यात वजन येतं.

जादा काम व्हॉट्सअॅपवर का होईना, दरासकट लिहावं, समोरून ‘हो’ आलं पाहिजे. असे संदेश पुरावा म्हणून देता येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. फोन बदलताना ते संभाषण पुसलं जाऊ देऊ नये.

*

कराडच्या त्या घराची पाहणी. बरोबर ओळंबा, पातळीनळी, गुण्या, टेप आणि एक पाच रुपयांचं नाणं. ठेकेदाराला आणि मालकांना दोघांनाही एकाच वेळी बोलावलं होतं. एकाच बाजूनं दाखवलेलं काम मी पाहत नाही.

आधी स्वयंपाकघर. नाण्यानं फरशीवर टिचकी मारत गेलो की भरलेल्या फरशीचा आवाज बसका येतो आणि खाली पोकळी असलेल्या फरशीचा खणखणीत, मोकळा. ओट्यासमोरच्या ओळीत लागोपाठ अकरा फरश्या पोकळ. माल पसरायच्या ऐवजी मध्ये गोळे ठेवून वर फरशी दाबली की असं होतं. जड डबा पडला की कोपरा तडकतो. खडूनं फुल्या मारल्या. ठेकेदार स्वतःच खाली बसला, स्वतः नाणं वाजवून पाहिलं आणि काही न बोलता पुढच्या दोन फुल्या त्यानंच मारल्या.

बाथरूम चार बाय सात. दाराशी बादलीभर पाणी ओतलं. जाळीकडे जायचं ते पाणी कमोडच्या मागे कोपऱ्यात जाऊन थांबलं. पातळीनळी लावली तर कोपरा जाळीपेक्षा सहा मिलिमीटर खाली. मागच्या खोलीच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे का निघताहेत, ते इथं कळलं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी साठवून पाहिलं होतं का, असं विचारलं. ठेकेदार म्हणाला, “साहेब, दसऱ्याला वास्तुशांत धरली होती. घाई होती.” मालकांनी मान खाली घातली. घाई त्यांचीही होती.

गच्चीवर ब्रिकबॅट कोब्याला उतार दिला आहे, पण जिन्याच्या बाजूला. पाणी जायचं तोंड दुसऱ्या टोकाला. पश्चिमेच्या भिंतीचा बाहेरचा गिलावा मात्र उत्तम, ओळंब्यात, ठोकला तरी कुठे सुटलेला नाही. तेही टिपणात लिहिलं आणि वाचून दाखवलं. चांगलं काम नोंदवलं नाही तर ठेकेदार वाईट कामाची यादी ऐकूनच घेत नाही.

*

सगळे दोष ठेकेदाराचे नसतात. काँक्रीटचा बीम आणि वीटकाम यांच्या सांध्यावर आडवी बारीक भेग जाते. तिथं गिलाव्याआधी जाळी मारायला हवी होती, हा त्याचा दोष. मालकानं स्वस्तात आणलेल्या फरशीत मापाचा फरक असला आणि सांधे सरळ आले नाहीत, तर त्याला मिस्त्री काय करणार? नुसतं मजुरीवर दिलेलं काम असेल तर मालाची जबाबदारी आणणाऱ्याची. लेबर रेटनं काम द्यायचं आणि भांडताना मटेरियलसह दिल्यासारखं भांडायचं, हे बरोबर नाही.

*

किती पैसे अडवायचे? जेवढा दोष, तेवढे. माझं या विषयावर ठाम मत असेल तर ते एवढंच. बाथरूम गळतं म्हणून दीड लाख अडवले तर बाथरूमचा मुद्दा बाजूला राहतो आणि मालक थकबाकीदार ठरतो. दोष दुरुस्त करायला दुसऱ्या मिस्त्रीला काय खर्च येईल, तो अंदाज लेखी घ्यावा: तोडफोड, राडारोडा उचलणं, माल, मजुरी सगळं धरून. तेवढी रक्कम कापावी आणि बाकीची देऊन टाकावी. करार कायद्याचं कलम ७३ नुकसानभरपाई देतं ती झालेल्या नुकसानीची. झालेल्या मनस्तापाचा राग म्हणून पूर्ण बिल बुडवायची मुभा ते देत नाही.

*

कराडचा हिशेब, कच्चा:

कराराप्रमाणे बाकी १,४०,०००. ठेकेदाराची जादा कामाची मागणी ६२,०००. पैकी बाहेरचा ओटा आणि कुंपणाची वाढवलेली उंची मोजून ४१,००० निघाले. माळ्याचे २१,००० मान्य नाहीत, कारण माळा मूळ नकाशात दाखवलेला आहे. म्हणजे देणं १,८१,०००.

वजा: बाथरूम २८,०००, स्वयंपाकघरातली फरशी ९,५००, गच्चीचा उतार ३३,५००. एकूण ७१,०००.

राहिले १,१०,०००. त्यातले ७०,००० आता, ४०,००० पावसाळ्यानंतर.

दोघांनाही हा आकडा आवडला नाही. पण कुठल्या ओळीवर आक्षेप आहे ते आता प्रत्येकाला बोट ठेवून सांगता येतं. आधी नुसताच ‘एक लाख चाळीस’ आणि ‘एक पैसा देणार नाही’ यांच्यात आवाज चढत होता. ठेकेदार म्हणतो, कापण्यापेक्षा मीच दुरुस्त करून देतो. ही संधी त्याला द्यायलाच हवी. त्याच्या स्वतःच्या मिस्त्रीला ते काम निम्म्या खर्चात पडतं, आणि पुढे प्रकरण कुठे गेलंच तर मालकानं दुरुस्तीची संधी दिली होती ही गोष्ट त्यांच्याच बाजूनं मोजली जाते. मात्र दिवस ठरवून, लिहून.

*

गवंड्याचा पगार. ठेकेदाराचा हप्ता अडला की पहिली कात्री लागते ती खालच्या माणसांना. आमच्याकडे आठवडे बाजाराच्या दिवशी पगार होतो. त्या संध्याकाळी पैसे हातात आले नाहीत तर त्या घरी बाजार होत नाही, इतकं ते सरळ आहे. विजापूरकडून आलेलं बिगारी जोडपं, पत्र्याच्या शेडमध्ये राहणारं. त्यांनी उतार चुकवलेला नसतो आणि कराराचं पान पाहिलेलंही नसतं. वाद कितीही तापला तरी झालेल्या आठवड्याची मजुरी थांबू नये. ठेकेदाराच्या लेखी संमतीनं मालकानं ती थेट द्यावी आणि हप्त्यातून वळती करावी. हे करायला तयार नसलेल्या मालकाचं मध्यस्थाचं काम मी घेत नाही.

*

सेंट्रिंगच्या प्लेटा, मिक्सर, परात-फावडी अडकवून ठेवणं. ‘पैशाचा निकाल लागेपर्यंत सामान हलवू देणार नाही.’ असं अजिबात करू नये. प्लेटा बहुधा भाड्याच्या असतात, रोजचं भाडं चढत राहतं आणि उद्या तेच भाडं ठेकेदार आपल्या मागणीत घालतो. शिवाय प्रकरण पोलीस चौकीत जातं, आणि तिथं ते दिवाणी आहे असं सांगून दोघांनाही परत पाठवतात.

*

पुढच्या तारखेचे चेक ‘हमी म्हणून’ देऊ नयेत. काम बिघडलं म्हणून बँकेला ‘पेमेंट थांबवा’ सांगितलं तरी चेक न वटल्याची कारवाई टळते असं नाही. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली अशा चेकवरही खटला उभा राहू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्येच स्पष्ट केलं आहे. मग मालकाला आधी फौजदारी खटल्यात देणं नव्हतं हे दाखवत बसावं लागतं, आणि गळकं बाथरूम मागे पडतं. नोटीस आली तर पंधरा दिवसांची मुदत असते. ती वाचून कपाटात ठेवायची नाही.

रोखीचंही तसंच. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, पण त्याहून कमी रोखीलाही पावती पाहिजेच. ‘मागल्या वेळी पन्नास दिले होते ना’ यावर वाद सुरू झाला की त्याचा निकाल कोणीच लावू शकत नाही.

*

ठेकेदार बदलायचा असेल तर घाई करू नये. नवा माणूस कामाला हात लावायच्या आधी जुन्याचं काम मोजलं गेलं पाहिजे. जुन्याला तारीख-वेळ कळवून लेखी बोलवावं, पोचपावतीसह. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टानं. आला तर एकत्र मोजमाप. नाही आला तर त्याचा संबंध नसलेल्या अभियंत्याकडून, दोन पंचांसमोर, फोटोत टेप दिसेल असं. सदोष भाग फोडून टाकला आणि मग तक्रार केली तर दाखवायला उरतं काय? काँक्रीटबद्दल शंका असेल तर रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी न फोडता होते. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पुष्कळ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा बाहेरच्यांना ही चाचणी करून देतात.

*

आपल्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेतलं तर महारेराकडे जाता येत नाही. तिथं विकण्यासाठी बांधणारे प्रवर्तक येतात. पण ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, हे १९९३ च्या दुरुस्तीनं कायद्यात आलं. त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही तसा निर्वाळा दिला. २०१९ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वीस ते पन्नास लाखांना हजार रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. दिवाणी दाव्याला तीन वर्षं. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाचा आयोगाकडे जायचा हक्क जात नाही. मात्र भाड्यानं द्यायचे गाळे बांधत असाल तर ‘व्यापारी हेतू’ हा आक्षेप येणार, हे धरून चालावं.

त्याआधी एक सोपा रस्ता आहे आणि तो कोणी वापरत नाही: तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून दाखलपूर्व प्रकरण लोकअदालतीत ठेवणं. तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं, आणि तिच्यावर अपील नाही. सत्तर-ऐंशी हजारांच्या वादाला हाच रस्ता योग्य वाटतो.

*

फ्लॅटचं गणित वेगळं, आणि तिथं मालक लोक बंगल्याचा नियम लावून अडकतात. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत संरचनेचा, कारागिरीचा, दर्जाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरनं तो तीस दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा. न केल्यास भरपाई. पण त्याच कायद्याचं कलम १९ खरेदीदारालाही बांधून ठेवतं: हप्ते ठरल्या वेळी भरायचे, नाही तर व्याज. ते व्याज महाराष्ट्रात स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर दोन टक्के. म्हणून ‘काम बरोबर नाही, हप्ता देणार नाही’ हा पवित्रा फ्लॅटमध्ये धोक्याचा. हप्ता हरकत नोंदवून भरावा आणि तक्रार वेगळी करावी. ताबा घेताना ‘काही तक्रार नाही’ असं छापलेलं असतं; त्याखाली हातानं दोषांची यादी लिहून सही करावी. महारेराचा सलोखा मंच २०१८ पासून चालू आहे. मुंबई ग्राहक पंचायतीचे प्रतिनिधी आणि बिल्डरांच्या संघटनेचे प्रतिनिधी एकत्र बसतात. पहिली खेप तिथं करून पाहावी.

पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही. तालुक्याच्या गावांतल्या लहान इमारती बहुतेक या फटीत बसतात. तिथं पुन्हा ग्राहक आयोग.

*

पुण्या-मुंबईत किंवा थेट दुबई, अमेरिकेत राहून गावी घर बांधणारे. देखरेख चुलतभावाकडे, ठेकेदार चुलतभावाचा मित्र. व्हिडिओ कॉलवर सगळं सरळ दिसतं. ओळंबा कॅमेऱ्यातून लागत नाही. दर टप्प्याला एक त्रयस्थ अभियंता पाठवावा, त्याचा अहवाल आला की मगच हप्ता सोडावा. त्याची फी वाचवायला जाऊन नात्यात जी कटुता येते ती मी दोन घरांत जवळून पाहिली आहे, आणि तिथं पैशाचा प्रश्न मिटल्यावरही भाऊ एकमेकांकडे जात नाहीत.

*

कराडला दोघं तयार झाले. फरशी आणि बाथरूम ठेकेदार स्वतः करून देणार, गच्चीचे ३३,५०० कापून मालक दुसऱ्याकडून करून घेणार. म्हणजे आकडा बदलला: १,८१,००० मधून ३३,५०० गेले, १,४७,५०० राहिले. आता ७०,०००, बाथरूममध्ये दोन दिवस पाणी साठवून मागची भिंत कोरडी राहिली की ३७,५००, पावसाळ्यानंतर ४०,०००.

पावतीवरून शेवटी थोडं थांबलं. ठेकेदारानं आणलेल्या मजकुरात ‘उभयतांत काही देणे-घेणे राहिलेले नाही’ असं होतं. राखीव रक्कम बाकी असताना यावर मालकानं सही केली तर दोष मागण्याचा हक्क सुटतो, आणि ठेकेदाराचाही ७७,५०० वरचा दावा कागदावर राहत नाही. तो मजकूर काढून हा घातला, दोन प्रतींत: ‘आजच्या तारखेस रु. ७०,००० बँकेमार्फत मिळाले. बाथरूमची पाणी-चाचणी दोघांसमोर समाधानकारक झाल्यावर आठ दिवसांत रु. ३७,५०० देणे. रु. ४०,००० दि. ३१ ऑक्टोबरपर्यंत राखीव. तोपर्यंत ठेकेदाराने केलेल्या कामात गळती आढळल्यास कळवल्यापासून पंधरा दिवसांत स्वखर्चाने दुरुस्ती, न केल्यास दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च वजा करून बाकी परत. माळ्याच्या रु. २१,००० ची मागणी ठेकेदाराने सोडली. गच्चीच्या कोब्याची जबाबदारी यापुढे ठेकेदारावर नाही.’